एकाच विहिरीच्या चार फायली

दर्यापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते. माती, विहिरीचं पाणी आणि माणसाचं मूत्रपिंड या तिन्ही विषयांत माझं ज्ञान शाळेत शिकले तेवढंच. तरी गेली काही वर्षं माझ्या सुट्ट्या याच तीन गोष्टींच्या तक्त्यांत गेल्या. खारपाणपट्ट्यावर आपापल्या विषयात काम करणाऱ्या चौघांनी ठरवलं की आपले आकडे एकत्र आणायचे. ते जोडायला कुणीतरी हवं होतं, आणि जिचा स्वतःचा एकही आकडा त्यात नाही अशी मीच होते. "दोन शनिवारचं काम आहे मॅडम," असं त्यांच्यातले एक सर म्हणाले होते. ते अजून ते वाक्य नाकारतात.

पट्टा माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतली नऊशेच्या आसपास गावं खाऱ्या पाण्यावर बसलेली आहेत. खाली गाळाचा जाड थर, वर भारी काळी जमीन, निचरा जवळजवळ नाही. विहिरीला पाणी लागतं, पण ते पिकाला दिलं की जमीन चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट आणि नापीक होते. म्हणून कापूस, तूर, मूग पावसाच्या भरवशावर आणि हरभरा ओलाव्यावर. या भागावर अभ्यास झाला नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ सालचं, भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ सालची, नागपूरचा मृदा सर्वेक्षण ब्युरो १९७६ सालचा. शिवाय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, समाजशास्त्राचे विभाग आहेत. संग्रामपूर-जळगाव जामोदकडे किडनीच्या आजाराची चर्चाही जुनीच. तो आजार पाण्यामुळे होतो, की उन्हातल्या कामामुळे, की वेदनाशामक गोळ्यांमुळे, की बीपी-शुगरमुळे, की सगळ्यांच्या मिश्रणामुळे, यावर मात्र प्रत्येक विषयाचं आपलं उत्तर आहे, आणि ते आपल्याच कपाटातल्या आकड्यांवरून काढलेलं.

तर चार फायली आल्या. मृदाशास्त्रात पीएचडी करणाऱ्या एका मुलाची माती-पाण्याची. भूजलाच्या कामातून निवृत्त झालेल्या एका सरांची, त्यातली अर्धी हाताने लिहिलेल्या रजिस्टरांत. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या डॉक्टरांची, शिबिरं आणि ओपीडीच्या नोंदींची. चौथी समाजशास्त्राच्या एका संशोधक मैत्रिणीची. तिच्या फायलीत आकडाच नव्हता, नुसत्या मुलाखती.

पहिला गोंधळ गावांच्या नावांचा. सावंगी, बोरगाव, पिंपळगाव ही नावं विदर्भात किती गावांना आहेत ते ज्याने एसटीत चुकीचं तिकीट काढलंय त्याला विचारा. त्यात खुर्द आणि बुद्रुक. त्यात रोमन लिपीत प्रत्येकाचं स्पेलिंग आपापलं. डॉक्टरांच्या नोंदीत पेशंटने जे सांगितलं ते, म्हणजे कधी गाव, कधी शेजारचं बाजाराचं गाव. यावर एकच उपाय होता: नाव सोडायचं आणि २०११ च्या जनगणनेतला सहा आकडी गाव-क्रमांक धरायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याबद्दल कुणी पेपरात आभार मानत नाही, पण त्याशिवाय पुढे एक पाऊल पडत नाही.

मग एकके. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी त्याची विद्युतवाहकता जास्त. सरांच्या रजिस्टरात एका विहिरीची विद्युतवाहकता १८००, मुलाच्या तक्त्यात त्याच विहिरीची १.८. एक मायक्रोम्होमध्ये, दुसरी डेसिसायमनमध्ये, पाणी तेच. डॉक्टरांकडे वाहकता नाहीच, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) आहे, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. डेसिसायमनला साधारण ६४० ने गुणलं की टीडीएसचा अंदाज येतो, पण पाण्यात कोणते क्षार आहेत त्यानुसार हा गुणक कमी-जास्त होतो, आणि खाऱ्या पाण्यात चांगलाच होतो. मुलाचं सोडियम-कॅल्शियम मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, प्रयोगशाळेचं मिलिग्रॅममध्ये: सोडियमला २३ ने गुणायचं, कॅल्शियमला २० ने. त्यावर आणखी, मुलाच्या फायलीत 'ईसी', म्हणजे विद्युतवाहकता, या नावाचे दोन रकाने होते. एक पाण्याचा. दुसरा मातीचा, एक भाग माती आणि अडीच भाग पाणी ढवळून मोजलेला. दोघांचा एकमेकांशी थेट मेळ घालता येत नाही, पण कॉम्प्युटरला ते कोण सांगणार?

सगळ्यात घातक निघाला नायट्रेटचा रकाना. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. एका जुन्या तक्त्यात बऱ्याच विहिरींपुढे १०, ११, १२ असे आकडे होते, त्यामुळे सगळे निर्धास्त. रजिस्टरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं की हे आकडे 'नायट्रेटमधल्या नायट्रोजन'चे आहेत. म्हणजे प्रत्येकाला ४.४३ ने गुणायचं. ११ चे जवळपास ४९ झाले. सुरक्षित वाटणारी विहीर बसल्या जागी मर्यादेबाहेर गेली.

रिकाम्या चौकटींचंही तसंच. एका फायलीत फ्लोराइडपुढे शून्य, दुसरीत काहीच नाही, तिसरीत 'बीडीएल' (बिलो डिटेक्शन लिमिट). शून्य म्हणजे खरंच नव्हतं, की यंत्राला पकडता येईल त्यापेक्षा कमी होतं, की तपासलंच नाही? प्रत्येक चौकटीसाठी फोन करावा लागला. एक्सेलने तारखांचं काय केलं ते सांगत बसत नाही. एवढंच सांगते की काही जनुकांची नावं एक्सेल तारखा समजून बदलतं म्हणून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी ती नावंच बदलून टाकली. मोठ्या लोकांनाही तो छळतो हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं.

चौघे पहिल्यांदा एका टेबलाभोवती बसले तेव्हा डॉक्टरांनी मुलाची फाइल वर-खाली करून विचारलं, "यात आर्सेनिक कुठंय? कॅडमियम? फ्लोराइड पण निम्म्याच विहिरींचं आहे."

"सर, मी पाणी ओलितासाठी तपासलं," मुलगा म्हणाला. "एसएआर आणि आरएससी काढलंय ना सगळ्यांचं."

सोडियम आणि कार्बोनेट-बायकार्बोनेट किती आणि त्यांच्या तुलनेत कॅल्शियम-मॅग्नेशियम किती यावरून ते पाणी जमिनीचा पोत बिघडवेल का, हे त्या आकड्यांतून कळतं. डॉक्टरांना त्याचा काही उपयोग नव्हता. मग भूजलवाल्या सरांनी डॉक्टरांना उलट धरलं: "तुमच्या रकान्यात पेशंट कुठल्या विहिरीचं पाणी पितो ते कुठंय?" ते नव्हतंच. सरांचा पुढचा प्रश्न जास्त टोकाचा होता. शिबिरात एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसली की वाढणारा घटक) वाढलेलं निघालं की तो माणूस किडनीचा पेशंट धरायचा का? डॉक्टर म्हणाले, नाही; बिघाड तीन महिन्यांहून जास्त काळ टिकला तरच जुनाट आजार म्हणतात. उन्हात दिवसभर निंदण करून आलेल्या बाईचं क्रिएटिनिन त्या संध्याकाळी वेगळं आणि पंधरा दिवसांनी वेगळं असू शकतं. आणि त्यांच्या फायलीत शिबिराच्या आणि ओपीडीच्या नोंदी एकाखाली एक, सलग होत्या. त्यांना स्वतःला फरक माहीत होता, म्हणून त्यांनी तो कधी लिहिला नव्हता.

त्या बैठकीनंतर मी 'रकान्यांची वही' सुरू केली. प्रत्येक रकान्यासाठी एक पान: काय मोजलं, कुठल्या एककात, कुठल्या पद्धतीने, कुठल्या महिन्यात, आणि कशासाठी. महिना महत्त्वाचा, कारण पावसाळ्यानंतर विहिरीचं पाणी पातळ झालेलं असतं आणि मे महिन्यात तेच पाणी तोंडात धरवत नाही. मुलाने नमुने जानेवारीत घेतले होते, सरांनी मेमध्ये. 'कशासाठी' या ओळीवर सगळे आधी हसले, पण वहीत सगळ्यात जास्त मजकूर तिथेच साठला. आकडेवारी खुली करण्याची जी तत्त्वं २०१६ पासून जगभर सांगितली जातात, त्यांत चार गुण मागतात: आकडे शोधता यावेत, मिळावेत, दुसऱ्या आकड्यांशी जुळावेत आणि पुन्हा वापरता यावेत. माझ्या अनुभवाने सांगते, पहिले दोन गुण एखाद्या भांडारात फाइल चढवली की पदरात पडतात. तिसऱ्यासाठी माणसांना एका टेबलावर बसवून चहा पाजावा लागतो, आणि एकदा पाजून भागत नाही.

आता चौथी फाइल. मुलाखतींना आमच्यातले दोघे खासगीत 'किस्से' म्हणत. मैत्रिणीच्या वहीत बायकांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलेलं होतं, आणि त्यात एक वाक्य वेगवेगळ्या गावांत पुन्हा पुन्हा येत होतं: "घरी कॅनचं, वावरात इहिरीचं." कुठे शहानूर धरणाचं नळाचं पाणी आलेलं, अकोटकडे वान धरणावरची ८४ खेडी योजना, कुठे आरओचा प्लांट आणि ट्रॅक्टरवर येणारे जार. गावातली विहीर आता धुण्याला, वापरायला. आम्ही मात्र प्रत्येक गावाच्या विहिरींची सरासरी काढून ती त्या गावच्या पेशंटांसमोर मांडायच्या तयारीत होतो. म्हणजे जे पाणी आज कुणी पीतच नाही त्याचा आजच्या आजाराशी संबंध लावायला बसलो होतो. किडनी एका वर्षात बिघडत नाही. प्रश्न आजच्या पाण्याचा नव्हताच. पंधरा-वीस वर्षांपूर्वी माणूस काय पीत होता, याचा होता.

मैत्रिणीने मग मुलाखतींतून प्रत्येक गावाची कालरेषा काढली: कोणत्या साली नळ आला, कधी बंद पडला, कॅन कधी सुरू झाली, कोणत्या वस्तीला ती परवडत नाही. त्यातून मी 'विहिरीच्या पाण्यावर काढलेली वर्षं' हा रकाना तयार केला. त्यात सून म्हणून दुसऱ्या तालुक्यातून आलेल्या बाईची वर्षं वेगळी धरावी लागली. हे तिनेच सुचवलं, आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नसतं. आणि या एका रकान्यामुळे सरांच्या जुन्या रजिस्टरांचा भाव वधारला. निरीक्षण विहिरींची पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजायची आणि नमुने तपासायचे, हे काम सरांनी नोकरीत असताना इमानेइतबारे केलं होतं. घरच्यांनी ती रजिस्टरं रद्दीत द्यायचा आग्रह धरला होता. लोकांनी तेव्हा प्यायलेल्या पाण्याची दुसरी नोंद आमच्याजवळ कुठेच नव्हती. बीएस्सीच्या मुलींनी ती टाइप केली, दोघींनी स्वतंत्रपणे, मग दोन्ही प्रती ताडून पाहिल्या.

परवानगीचं प्रकरण सगळ्यात लांबलं. डॉक्टरांनी रक्त घेताना जे संमतीपत्र भरून घेतलं होतं त्यात 'फक्त या अभ्यासासाठी' असं लिहिलेलं होतं. आमचा अभ्यास वेगळा. वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवून त्यांच्या नैतिकता समितीने सांगितलं, ज्यांच्यापर्यंत पोचता येईल त्यांची नव्याने संमती घ्या. मला आधी राग आला. पण गावात गेल्यावर तो गेला. एका आजींनी फॉर्म हातात घेऊन विचारलं, "बाई, मांगच्या खेपेले बी अशेच साहेब आल्ते. पानी नेलं, रगत नेलं. कागद काई आला नाई. आता सही कायले?" त्यांचा प्रश्न समितीच्या पत्रापेक्षा नेमका होता. आम्ही ठरवलं की सहीआधी रिपोर्ट द्यायचा. ज्या घरच्या विहिरीचा नमुना आहे त्या घराला एक पान: टीडीएस किती, नायट्रेट किती, फ्लोराइड किती, मर्यादा काय. मराठीत, मोठ्या अक्षरात. यात आणखी काही महिने गेले, आणि यातला एकही महिना वाया गेला असं मला वाटत नाही.

नावं-पत्ते माझ्याकडे कधीच आले नाहीत. जोडणी डॉक्टरांच्या विभागातल्या एका कॉम्प्युटरवर व्हायची. मी पाण्याची फाइल द्यायची, त्यांनी पेशंटशी जुळवून नाव-गाव काढून परत द्यायची. वय पाच-पाच वर्षांच्या गटात, गावाऐवजी तालुका. जिथे एका गटात पाचपेक्षा कमी पेशंट उरत तिथे दोन गट एकत्र करायचे, कारण छोट्या गावात डायलिसिसला जाणारी माणसं तीन असतील तर वय आणि लिंग सांगितलं की नाव सांगायची गरजच उरत नाही. भूजलवाल्या सरांना हे अजिबात पटलं नाही. विहिरीचे अक्षांश-रेखांश काढले तर पाण्याच्या फायलीला अर्थ काय, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. शेवटी दोन फायली वेगळ्या केल्या. पाण्याची फाइल पूर्ण ठिकाणासह खुली. आरोग्याच्या फायलीत पाण्याचा फक्त वर्ग: गोडं, मध्यम, खारं. दोन्ही जोडणारी किल्ली बाहेर द्यायची नाही. सर अजून कुरकुरतात.

मुलाची अडचण वेगळ्याच जातीची होती. त्याचा प्रबंध अजून सादर झाला नव्हता आणि आकडे आधी बाहेर गेले तर दुसरं कुणी त्यावर पेपर छापेल, ही त्याची आणि त्याच्या गाइडची भीती. याला मी कोतेपणा म्हणणार नाही. ज्याने उन्हात फिरून माती खणली त्याचं नाव शेवटी 'आणि इतर' मध्ये जातं, हे आपल्याकडे रोज घडतं. तोडगा असा निघाला की व्हायवा होईपर्यंत त्याची फाइल बंद राहील, आणि मग ती त्याच्याच नावाने, स्वतंत्र डीओआय क्रमांक (फाइलची कायमची ऑनलाइन ओळख) घेऊन झेनोडोवर चढेल. सर्न या युरोपातल्या संस्थेने २०१३ पासून चालवलेलं हे भांडार फुकट आहे आणि तिथे अमुक तारखेपर्यंत बंद असं लिहून ठेवता येतं. फाइल वापरणाऱ्याला त्याचं नाव लिहावं लागेल. जाता जाता सांगते, प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, सगळ्यांना वाचायला मिळतो, पण त्यातले तक्ते पीडीएफच्या पोटात अडकलेले असतात. ते पुन्हा आकड्यांत आणताना माझी एक अख्खी दिवाळीची सुट्टी गेली आहे.

आकड्यांतून काय निघालं ते मी इथे लिहीत नाही. तपासणी चालू आहे, आणि आमच्याकडे अर्धं वाक्य गावात पोचेपर्यंत पूर्ण झालेलं असतं. पण काय जमवलं आणि कसं, हे आम्ही एका गावात ग्रामसभेपुढे मांडलं. पडद्यावर सरांचा लाल-पिवळा नकाशा होता. एक शेतकरी उठून म्हणाले, "हे रंग समजले. माह्या इहिरीचं काय ते सांगा." त्यांच्या घरी पान पोचलं होतं, त्यांना ते सगळ्यांसमोर ऐकायचं होतं.

खरी खडाजंगी पुढे झाली. सरपंच म्हणाले, "मॅडम, गावाचं नाव नका टाकू. किडनीचं गाव म्हनून आधीच पोरायच्या सोयरिका मोडून रायल्या." मागून एक तरुण म्हणाला, "नाव नाई टाकलं त योजना कोन्या गावाले देतीन? मोठ्या अक्षरात टाका." दोघांचंही खरं होतं, आणि माझ्या विषयात याचं सूत्र नाही. मैत्रिणीने दोघांनाही बोलू दिलं, मध्ये पडली नाही. बऱ्याच वेळाने सभेनेच ठरवलं: आरोग्याच्या खुल्या फायलीत नाव नको, पण गावांची यादी आणि पाण्याचे आकडे जिल्ह्याच्या आरोग्य आणि पाणीपुरवठा विभागाला सही-शिक्क्यानिशी द्यायचे, आणि त्याची पोच ग्रामपंचायतीत लावायची. आमच्या चौघांच्या बैठकांतून इतका नेमका नियम निघाला नव्हता. मी तो तसाच वहीत उतरवला, बाकीच्या गावांतही आधी तोच वाचून दाखवतो.

सभा संपता संपता पाण्याची फाइल पुन्हा उघडायला लावणारा प्रश्न आला. एक बाई म्हणाल्या, "आमी कॅनचं पेतो मॅडम, पन ढोरं त तेच पानी पेतात. त्याह्यचं कोनी तपासलं का?" कुणीही तपासलं नव्हतं. आणि खाऱ्या पाण्याचा परिणाम पाहायचा तर ज्यांच्या पाण्यात कॅन आणि नळाची भेसळ झालेली नाही असे तेच उरले होते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आता पाचवे झाले आहेत. त्यांच्या नोंदी पाहिल्या: गावाचं नाव नाही, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक आहे, आणि त्याला मालकाचा मोबाइल नंबर जोडलेला. गाईची संमती लागत नाही, पण मोबाइल नंबर मालकाचा आहे, म्हणून समितीकडे नवा अर्ज गेला आहे, आणि वहीत 'कशासाठी'ची ओळ त्यांनी स्वतःहून आधीच भरून पाठवली आहे.